एदुआर लुकास

फ्रांस्वा एदुआर आनातोल लुकास (४ एप्रिल १८४२, आमियाँ – ३ ऑक्टोबर १८९१, पॅरिस) हे एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ, शिक्षक व लेखक होत. त्यांच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार ल्युका असा होत असला, तरी गणितविषयक लेखनात लुकास हेच रूप रूढ आहे. २ चा १२७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यास जी एकोणचाळीस अंकी संख्या मिळते, ती मूळ संख्या आहे असे त्यांनी १८७६ मध्ये जाहीर केले. त्यानंतर सुमारे ७५ वर्षे याहून मोठी मूळ संख्या कोणालाही ठाऊक नव्हती. यंत्राच्या साहाय्यावाचून, केवळ हाताने केलेल्या आकडेमोडीतून सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून तिचे स्थान आजही अबाधित आहे. हनोईचा मनोरा हे प्रसिद्ध कोडे आणि लुकास संख्या यांमुळेही त्यांचे नाव सर्वपरिचित आहे.

या लेखात ^ हे चिन्ह घात दर्शविते. उदाहरणार्थ, २^७ म्हणजे २ चा सातवा घात, अर्थात १२८.

शिक्षण आणि प्रारंभीचा काळ

लुकास यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील आमियाँ या शहरात झाला. पॅरिस येथील एकोल नॉर्माल सुपेरियर या नामांकित संस्थेत त्यांचे उच्च शिक्षण झाले. त्यानंतर ते पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून रुजू झाले. नेपच्यून ग्रहाचे स्थान केवळ गणिताच्या आधारे वर्तविणारे ल व्हेरिए त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते. वेधशाळेतील कामात प्रदीर्घ आकडेमोड नित्याची असे.

१८७०–७१ च्या फ्रान्स–प्रशिया युद्धात लुकास यांनी तोफखान्यात अधिकारी म्हणून सेवा बजावली. या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला. युद्धानंतर लुकास वेधशाळेकडे न वळता अध्यापनाकडे वळले. १८७२ पासून ते मध्य फ्रान्समधील मूलँ या गावच्या विद्यालयात गणित शिकवीत होते. पुढे पॅरिसमधील शार्लमान्य आणि सँ-लुई या विद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. विद्यापीठातील अध्यासन त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांचे बहुतेक संशोधन विद्यालयातील अध्यापनाची जबाबदारी सांभाळून झालेले आहे.

मर्सेन संख्यांचा प्रश्न

लुकास यांच्या मुख्य कार्याचे महत्त्व कळण्यासाठी त्याआधीच्या सव्वादोनशे वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १ हून मोठ्या ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज अन्य विभाजक नसतो, तिला मूळ संख्या म्हणतात. २ च्या घातातून १ वजा केल्यास कधी मूळ संख्या मिळते, तर कधी संयुक्त संख्या. २^३ − १ म्हणजे ७ आणि २^५ − १ म्हणजे ३१ या मूळ संख्या आहेत. परंतु २^११ − १ म्हणजे २,०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे. घातांक संयुक्त असेल, तर मिळणारी संख्याही संयुक्तच असते. घातांक मूळ असताना मात्र निर्णय सहजासहजी करता येत नाही.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले की, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकराच घातांकांसाठी मूळ संख्या मिळते. या विधानाची सिद्धता त्यांनी दिली नाही. तरीही या प्रकारच्या संख्यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले. ऑयलर यांनी १७७२ मध्ये २^३१ − १ म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे दाखविले. १८६७ मध्ये लांद्री यांनी एक तेरा अंकी मूळ संख्या शोधली, तेव्हा तोच उच्चांक ठरला.

हे सर्व संशोधक संभाव्य विभाजकांनी एकेक करून भागून पाहण्याच्या मार्गावर अवलंबून होते. विभाजकांच्या स्वरूपासंबंधी काही नियम ठाऊक असल्याने श्रम कमी होत. पण मार्ग तोच राही. २^१२७ − १ च्या बाबतीत तो पूर्णपणे निरुपयोगी ठरतो. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक २५४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असावा लागतो. या गाळणीनंतरही, एका सेकंदात एक भागाकार या गतीने वर्गमुळापर्यंतच्या सर्व संख्या तपासण्यास शंभर कोटींहून अधिक वर्षे लागतील.

लुकास यांची कसोटी

लुकास यांनी प्रश्नाची दिशाच बदलली. संख्येचे विभाजक शोधण्याऐवजी त्यांनी तिच्या स्वभावाची परीक्षा घेणारी एक क्रमिका वापरली. घातांकाला ४ ने भागल्यावर बाकी ३ उरत असेल, तर ही कसोटी पुढीलप्रमाणे मांडता येते. पहिले पद ३ घ्यावे. प्रत्येक पदाचा वर्ग करून त्यातून २ वजा केले की पुढचे पद मिळते. अशा रीतीने ३, ७, ४७, २,२०७ ही क्रमिका तयार होते. घातांकाहून एकने कमी क्रमांकाच्या पदाला दिलेल्या मर्सेन संख्येने निःशेष भाग गेला, तर ती संख्या मूळ असते. भाग न गेल्यास ती संयुक्त असते.

पदे अतिशय वेगाने वाढतात. परंतु प्रत्येक टप्प्यावर भागाकार करून केवळ बाकी पुढे नेली तरी पुरते. २^७ − १ म्हणजे १२७ चे उदाहरण पाहू. येथे सहावे पद तपासावयाचे आहे. पहिली तीन पदे ३, ७, ४७ ही आहेत. चौथे पद २,२०७. त्याला १२७ ने भागल्यास बाकी ४८ उरते. ४८ चा वर्ग वजा २ म्हणजे २,३०२, बाकी १६. १६ चा वर्ग वजा २ म्हणजे २५४. यास १२७ ने निःशेष भाग जातो. म्हणून १२७ ही मूळ संख्या ठरते. हीच रीत २,०४७ ला लावली असता दहाव्या पदाची बाकी १,०३४ उरते, शून्य नव्हे. त्यावरून २,०४७ संयुक्त आहे हे निश्चित होते. मात्र २३ आणि ८९ या अवयवांचा पत्ता या रीतीत कोठेही लागत नाही. संख्या संयुक्त आहे हे अवयव न शोधताच कळणे, हे या पद्धतीचे ठळक वैशिष्ट्य होय.

२^१२७ − १

याच पद्धतीने लुकास यांनी पुढील संख्येचा निर्णय केला. अंक वाचणे सोपे जावे म्हणून येथे तीन-तीन अंकांचे गट केले आहेत.

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७

येथे १२६ वे पद तपासावे लागते. म्हणजे १२५ वेळा वर्ग करणे, २ वजा करणे आणि बाकी काढणे आले. सुरुवातीची काही पदे वगळता प्रत्येक वेळी सामान्यतः एकोणचाळीस अंकांच्या आसपासच्या संख्येचा वर्ग करावा लागतो आणि एका अंकाची चूक पुढचे सर्व काम वाया घालविते.

हे श्रम हलके करण्यासाठी लुकास यांनी द्विमान पद्धतीचा आश्रय घेतला. द्विमान पद्धतीत ही संख्या सलग १२७ वेळा १ लिहून दर्शविली जाते. त्यामुळे तिने भागून बाकी काढण्यासाठी प्रत्यक्ष भागाकार करावा लागत नाही. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीतील ९९९ चे उदाहरण घेतल्यास हे लक्षात येईल. १,२३,४५६ ला ९९९ ने भागल्यास उरणारी बाकी १२३ आणि ४५६ यांची नुसती बेरीज करून मिळते. ती ५७९ येते. त्याचप्रमाणे द्विमान पद्धतीत १२७ स्थानांपलीकडे गेलेले अंक पुन्हा पहिल्या स्थानापासून मांडून मिळविले की काम भागते. लुकास यांनी हे गणित बुद्धिबळाच्या पटासारख्या, परंतु खूप मोठ्या चौकटीवर सोंगट्या मांडून करावयाच्या खेळाच्या स्वरूपात समजावून दिले आहे.

या संख्येचे आणखी काही गुणधर्म उल्लेखनीय आहेत.

• तिला २^१२६ ने गुणले असता ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढी असते, ती परिपूर्ण संख्या होय. ६ आणि २८ या पहिल्या दोन परिपूर्ण संख्या असून या क्रमात ही बारावी आहे.

• २^२ − १ म्हणजे ३. २^३ − १ म्हणजे ७. २^७ − १ म्हणजे १२७. आणि त्यापुढे २^१२७ − १. ही साखळी कातालान यांनी लक्षात आणून दिली. प्रत्येक कडी मूळ संख्या असून तीच पुढच्या कडीचा घातांक होते. साखळीतील यानंतरची कडी मूळ आहे किंवा नाही, हे अद्याप अज्ञात आहे. ती इतकी प्रचंड आहे की लुकास यांची कसोटीही तेथे चालविता येत नाही.

सदुसष्टाव्या घाताचा निर्णय

१८७६ मध्येच लुकास यांनी मर्सेन यांच्या यादीतील एक चूक उघड केली. २^६७ − १ म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या मूळ नसून संयुक्त आहे, असे त्यांच्या कसोटीवरून निष्पन्न झाले. तिचा एकही अवयव त्यांना ठाऊक नव्हता. अवयव सापडण्यास २७ वर्षे लागली. १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे दोन अवयव सादर केले. त्या सभेत कोल यांनी एक शब्दही न उच्चारता फळ्यावर दोन्ही बाजूंचे गणित करून दाखविले, अशी आख्यायिका आहे.

मर्सेन यांच्या यादीतील २५७ हा घातांकही पुढे चुकीचा ठरला आणि ६१, ८९ व १०७ हे तीन घातांक त्यांच्या यादीतून सुटल्याचे आढळले. १२७ बाबतचे त्यांचे विधान मात्र बरोबर निघाले.

फिबोनाची आणि लुकास क्रमिका

वरील कसोटी लुकास यांना अचानक सुचलेली नव्हती. १, १, २, ३, ५, ८, १३ अशी, प्रत्येक पद आधीच्या दोन पदांच्या बेरजेएवढे असणारी क्रमिका ते अनेक वर्षे अभ्यासीत होते. तिला फिबोनाची क्रमिका हे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. भारतात ही क्रमिका छंदःशास्त्राच्या अंगाने बरीच आधी ज्ञात होती. लघु आणि गुरु अक्षरांनी ठराविक मात्रांचा चरण किती प्रकारे रचता येतो, या प्रश्नाचा विचार करताना विरहांक व हेमचंद्र यांना याच संख्या आढळल्या होत्या.

बेरजेचा तोच नियम ठेवून २ आणि १ पासून आरंभ केल्यास २, १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ ही क्रमिका मिळते. या संख्यांना लुकास संख्या म्हणतात. कसोटीतील ३, ७, ४७ आणि २,२०७ ही पदे याच क्रमिकेतून घेतलेली आहेत. अशा सर्व क्रमिकांचा व्यापक सिद्धांत लुकास यांनी १८७८ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स या तेव्हा नव्यानेच सुरू झालेल्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात प्रसिद्ध केला.

हनोईचा मनोरा

१८८३ मध्ये पॅरिसमध्ये एक नवे खेळणे विक्रीस आले. तीन खुंट्या आणि त्यांपैकी एकीवर उतरत्या आकाराच्या आठ चकत्या असे त्याचे स्वरूप होते. एका वेळी एकच चकती हलवावयाची आणि लहान चकतीवर मोठी कधीही ठेवावयाची नाही, हे नियम पाळून संपूर्ण मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यावयाचा असतो. कर्त्याचे नाव सयामचे क्लाउस असे छापले होते आणि ते ली-सू-स्तियाँ महाविद्यालयातील विद्वान असल्याचे म्हटले होते. हे लुकास यांनीच घेतलेले सोंग होते. फ्रेंच लिपीतील अक्षरांची उलटापालट केल्यास पहिल्या नावातून आमियाँचे लुकास आणि दुसऱ्यातून सँ-लुई ही नावे मिळतात.

या खेळासोबत काशीची एक कथा प्रसृत झाली. तेथील मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया असून एकीवर सोन्याच्या ६४ चकत्या आहेत, पुजारी त्या अहोरात्र हलवीत असतात आणि काम पूर्ण होताच जगाचा अंत होईल, असे त्या कथेत सांगितले आहे. ही कथा काशीतील कोणत्याही परंपरेतून आलेली नसून ती खेळाच्या प्रसिद्धीसाठी रचलेली आहे. तिच्यातील गणित मात्र खरे आहे. चकत्या जितक्या असतील, तेवढा २ चा घात वजा १ इतक्या खेळी कमीत कमी लागतात. ७ चकत्यांना १२७ खेळी लागतात. ६४ चकत्यांना १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ खेळी लागतील. सेकंदाला एक खेळी केल्यास हा काळ सुमारे ५८ हजार कोटी वर्षांचा होतो. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे दरेक घरात दुप्पट दाणे ठेवण्याच्या प्रसिद्ध कथेत येणारी संख्याही हीच होय.

ही संख्या आणि २^१२७ − १ या एकाच घाटाच्या आहेत. परंतु स्वभावाने परस्परविरुद्ध आहेत. ६४ हा घातांक संयुक्त असल्याने पहिली संख्या ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ अशा सात अवयवांत विभागली जाते. दुसरी तिच्या जवळपास दुप्पट अंकांची असूनही अविभाज्य आहे.

इतर कार्य

तोफगोळे चौकोनी पायाच्या मनोऱ्यात रचले आणि पुन्हा तेच गोळे जमिनीवर चौरसात मांडले, तर हे कोणत्या संख्येला शक्य होईल, असा प्रश्न लुकास यांनी १८७५ मध्ये मांडला. एका गोळ्याचे क्षुल्लक उदाहरण सोडल्यास २४ थरांचा, ४,९०० गोळ्यांचा मनोरा हे एकच उत्तर आहे; ४,९०० हा ७० चा वर्ग होय. याची पूर्ण सिद्धता १९१८ मध्ये वॉटसन यांनी दिली. ठिपके जोडून चौकटी पूर्ण करण्याचा, आज शाळकरी मुले वहीच्या पानावर खेळतात तो खेळही लुकास यांनीच प्रथम प्रसिद्ध केला. त्यांनी मांडलेल्या एका प्रश्नावरून झनाय या रेल्वे अभियंत्यांनी गुणाकाराच्या पट्ट्या तयार केल्या. त्या दोघांच्या नावाने ओळखल्या जातात.

मनोरंजक गणितावरील त्यांचा ग्रंथ चार खंडांत असून त्यातील शेवटचे दोन खंड त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. संख्या सिद्धांतावरील बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १८९१ मध्ये निघाला. त्याचे पुढील खंड निघू शकले नाहीत.

मृत्यू

१८९१ मध्ये विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेल्या फ्रेंच संस्थेचे वार्षिक अधिवेशन मार्सेय येथे भरले होते. तेथील मेजवानीच्या प्रसंगी एका वाढप्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडून फुटली. त्यातील एक तुकडा उडून लुकास यांच्या गालाला लागला व जखम झाली. जखमेत धावरे हा जंतुसंसर्गजन्य रोग उद्भवला. प्रतिजैविके उपलब्ध नसल्याने त्या काळी असा संसर्ग प्राणघातक ठरत असे. ३ ऑक्टोबर १८९१ रोजी पॅरिस येथे वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पडताळणी आणि वारसा

लुकास यांनी आपल्या गणिताचे सर्व टप्पे छापून ठेवले नव्हते आणि त्यांच्या काही सिद्धतांत त्रुटी राहिल्या होत्या. त्यामुळे २^१२७ − १ विषयीचा त्यांचा निष्कर्ष इतरांनी स्वतंत्रपणे तपासणे गरजेचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी फोकाँबेर्ग यांनी ही आकडेमोड नव्याने केली. १९३० मध्ये अमेरिकन गणितज्ञ डेरिक हेन्री लेमर यांनी कसोटीला काटेकोर आणि सुटसुटीत रूप दिले. या रूपात पहिले पद ४ असते आणि २ खेरीज कोणत्याही मूळ घातांकाला ते लागू पडते. तेव्हापासून ती लुकास–लेमर कसोटी म्हणून ओळखली जाते. या सर्व तपासण्यांतून लुकास यांचा निष्कर्ष अचूक ठरला.

त्यांचा उच्चांक १९५१ मध्ये मोडला. फेरिए यांनी टेबलावरील यांत्रिक गणकाच्या साहाय्याने एक ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. त्याच वर्षी केंब्रिज येथे मिलर आणि व्हीलर यांनी संगणकावर ७९ अंकी मूळ संख्या शोधली. लुकास यांच्या संख्येच्या वर्गाला १८० ने गुणून त्यात १ मिळविल्यास ती मिळते. पुढच्याच वर्षी रॉबिन्सन यांनी संगणकावर लुकास–लेमर कसोटी चालवून २^५२१ − १ आणि त्याहून मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधल्या.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येवर अंतिम शिक्कामोर्तबही याच कसोटीने केले गेले. आकडेमोड आता यंत्रे करतात. वर्ग करणे, २ वजा करणे आणि शेवटची बाकी शून्य उरते का हे पाहणे, ही रीत मात्र १८७६ मध्ये लुकास यांनी घालून दिली तीच आहे.